‘उत्साहात संपन्न’ झालं. पण बोललं काय गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात पान 4 वर ‘विद्यापीठात राष्ट्रीय चर्चासत्र उत्साहात संपन्न’ ही बातमी वाचली. तीन कॉलमी, वर फोटो. फोटोत समईभोवती अकरा जण, त्यातले चौघे समईकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतायत. बातमीतली नावं मी मोजली, एकोणीस भरली. चर्चासत्र कशावर होतं ते एकदा आलंय. तिथे काय बोललं गेलं याबद्दल मात्र सबंध बातमीत एकच वाक्य आहे: ‘संशोधनाला समाजाभिमुख दिशा देण्याची गरज असल्याचे प्रतिपादन त्यांनी केले.’

हे वाक्य मी ओळखते. ते माझं आहे.

या वेळचं मी लिहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. पण शेवटची एकोणीस वर्षं विज्ञान शाखेच्या ज्या विभागात काढली, तिथे चर्चासत्रांच्या बातम्या मीच टाइप करायची. त्यासाठी ‘बातमी नमुना’ नावाची एक फाइल केली होती. पाहुण्यांच्या, विषयाच्या आणि तारखेच्या जागी टिंबं, बाकी मजकूर कायम. प्रास्ताविक टिंब टिंब यांनी केले, सूत्रसंचालन टिंब टिंब यांनी, तर आभार टिंब टिंब यांनी मानले. यावेळी प्राध्यापक व विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते. ‘समाजाभिमुख दिशा’ही त्यातलीच; ती रसायनशास्त्रालाही चालायची आणि मराठीलाही, म्हणून शेजारच्या विभागांतले लोकही फाइल मागून न्यायचे. आधी ती ‘श्रीलिपी’ या जुन्या मराठी फॉन्टात होती. मग तुमच्या कार्यालयातून ‘मॅडम, नुसते चौकोन दिसतायत’ असा फोन आला म्हणून सगळी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केली. निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलाच्या पेनड्राइव्हवर घालून दिली. ती अजून चालतेय हे मंगळवारी कळलं.

तेव्हा हे पत्र तक्रारीचं आहे तसं थोडं कबुलीचंही आहे.

बातमी कधी लिहिली जायची तेही सांगते. आदल्या दिवशी. तुमच्या शहर कार्यालयाला मजकूर चारच्या आत लागायचा आणि समारोप पाचला. मग काय करणार? पत्रिकेवरून नावं उचलायची, क्रियापदं भूतकाळात टाकायची आणि सकाळी उद्घाटनाचा फोटो निघाला की शिपायाबरोबर पाकीट रवाना. पुढे पाकिटाची ई-मेल झाली आणि ई-मेलचं व्हॉट्सॲप, पण बातमी आदल्या दिवशीचीच राहिली.

एकदा व्हायचं ते झालं. 2006 ची गोष्ट असावी. बाहेरगावचे मोठे पाहुणे यायचे होते. ते निघाले, वाटेत गाडी बंद पडली आणि दुपारी परत घरी गेले. इकडे त्यांच्या खुर्चीत ऐन वेळी आमच्यातल्याच एका सरांना बसवून उद्घाटन उरकलं. त्या धांदलीत पाकीट थांबवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरात: ‘...यांनी उपस्थितांना मौलिक मार्गदर्शन केले.’ मी घामाघूम. खुलासा द्यावा लागणार, मेमो मिळणार, असं सगळं मनात आलं. अकराच्या सुमारास त्या पाहुण्यांचाच फोन आला. म्हणाले, ‘माझं भाषण छान छापून आलंय म्हणे. एक कात्रण पाठवाल का? फाइलला लावायचंय.’

मी दोन पाठवली.

तेव्हा हसले होते. पण न दिलेल्या भाषणाची बातमी आणि दिलेल्या भाषणाची बातमी यांत एका शब्दाचाही फरक नव्हता, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं. ज्यांनी पेपरात वाचलं त्यांना शंका आली नाही. सभागृहात बसलेले दीडशे लोक तरी फोन करतील असं वाटलं होतं. एकाचाही आला नाही.

यात तुमचा वाटा कसा, असं विचाराल. सांगते. ते कात्रण कुठे जातं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ते विभागाच्या अहवालाला लागतं, अहवाल वार्षिक अहवालात जातो आणि ‘नॅक’ची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती यायची झाली की सगळं बाहेर निघतं: कात्रणं, हजेरीपट, अक्षांश-रेखांश छापलेले फोटो. चर्चासत्र झाल्याचा पुरावा तो. आता पुराव्यात नावं आणि समईच लागत असेल, तर नेमकं तेच नीट होणार. पेपरात जे येणार त्याचीच तयारी माणूस करतो. आम्ही केली. पत्रिकेतल्या नावांचा क्रम चुकू नये म्हणून चार-चार वेळा मुद्रितं तपासली. कुणाच्या निबंधात काय आहे ते तपासायला कुणी बसल्याचं मला आठवत नाही.

चर्चासत्राचा दिवस आतून कसा असतो ते ऐका. पत्रिकेवर 10 ची वेळ. पाहुणे कुलगुरूंच्या दालनात चहाला, म्हणजे सव्वाअकरा. आधी विद्यापीठ गीत. मग पंखे बंद, कारण वात विझते. मग काडेपेटीची शोधाशोध. हल्ली कुणाच्या खिशात काडेपेटी नसते. ती माझ्या ड्रॉवरमध्ये कायम असायची, समईच्या तेलाच्या बाटलीशेजारी. मग सत्कार. पूर्वी शाल-श्रीफळ, मधे पुष्पगुच्छ, मग पर्यावरण म्हणून रोप, मग ग्रंथभेट. वस्तू बदलत गेल्या, नऊ जण उठून उभे राहायला लागणारा वेळ तेवढाच. प्रास्ताविक, परिचय, मनोगत, शुभेच्छा संदेशाचं वाचन, अध्यक्षीय समारोप. बीजभाषण करणारा बिचारा एक वाजता उभा राहतो, तेव्हा मागच्या दारातून मसालेभाताचा वास आत आलेला असतो. एक गृहस्थ रात्रभर रेल्वेने प्रवास करून, बावन्न स्लाइड घेऊन आले होते. ‘ही सोडून देऊ, हीपण सोडू’ करत त्यांनी वीस मिनिटांत आटोपलं. त्या सोडून दिलेल्यांतल्या एका स्लाइडवर त्यांनी स्वतः हाताने काढलेला नकाशा होता. पडद्यावर तो दोन सेकंद राहिला असेल.

दुपारी निबंधवाचन. दीड तासात चौदा निबंध. भागाकार करा, साडेसहा मिनिटंसुद्धा येत नाहीत. सत्राध्यक्षांपुढे घंटी. आणि शेवटी ते एक वाक्य, जे मी माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल: ‘वेळेअभावी प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत.’

चहाच्या वेळी मी प्रमाणपत्रांचे गठ्ठे घेऊन टेबलाशी बसलेली असायची. तिथे विचारला जाणारा प्रश्न एकच. ‘मॅडम, प्रमाणपत्र आत्ताच मिळेल का? पावणेपाचची एसटी आहे.’

या लोकांना मी नावं ठेवत नाही. प्राध्यापकांच्या बढतीच्या फाइली माझ्याच टेबलावरून जायच्या, त्यामुळे हिशेब मला पाठ आहे. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकनाची पद्धत आणली, 2018 च्या नियमांत ती बदलली. त्या तक्त्याप्रमाणे निबंधवाचनाला वा व्याख्यानाला परदेशात 7 गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीय असेल तर 3, राज्य वा विद्यापीठ पातळीवर 2. पूर्वी ज्याला आम्ही साधं चर्चासत्र म्हणत होतो ते हळूहळू राष्ट्रीय कसं झालं आणि नेपाळचे एखादे पाहुणे मिळाले की आंतरराष्ट्रीय कसं, ते यावरून कळेल. आयोगाने या प्रकारच्या गुणांवर एकूण गुणांच्या 30 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे त्यांनाही अंदाज असणार. तरी निबंध वाचणाऱ्याला गुण आहेत. ऐकायला बसणाऱ्याला नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याला तर नाहीतच.

(टाळेबंदीतल्या वेबिनारांबद्दल लिहायला बसले तर तुमचा रविवारचा अंक जाईल. एवढंच सांगते की दोन मोबाइलवर दोन वेबिनार एकाच वेळी लावून, दोन्हींचे अभिप्राय अर्ज भरून दोन्ही प्रमाणपत्रं घेतलेले सद्गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. दोन्हीकडे आवाज बंद होता.)

आता एक प्रसंग सांगते. मला हे पत्र लिहायला लावलं ते त्याने, मंगळवारच्या बातमीने फक्त पेन हातात दिलं.

माझ्या नोकरीतलं शेवटून दुसरं चर्चासत्र. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक मुलगी आली होती, सत्तावीस-अठ्ठावीसची. नोंदणी शुल्क 1200 रुपये. रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे स्टँडवरच तोंड धुतलं होतं, कारण राहण्याचे वेगळे 800 होते. तिचा निबंध विहिरींवर. आपल्या भागातल्या अकरा गावांतल्या विहिरींची पाणीपातळी तिने स्वतः मोजली होती, पावसाळ्याआधी आणि नंतर, सलग तीन वर्षं. पाचव्या स्लाइडला घंटी वाजली. तिने पटापट दोन स्लाइड ढकलल्या, धन्यवाद म्हणाली आणि बसली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

नंतर ती पाण्याच्या नळाशी भेटली. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, विहिरीतलं पाणी किती खोल आहे ते मोजतात कसं हो? दगड टाकून?

तिचा चेहरा एकदम फुलला. म्हणाली, पोलादी टेप असते. तिच्या टोकाकडच्या भागाला निळा खडू चोळायचा. टेप विहिरीत सोडायची, टोक पाण्यात बुडेल इतकी, आणि काठावर कितीचा आकडा आला तो धरून ठेवायचा. मग वर ओढायची. जिथपर्यंत खडू भिजून गडद झाला तेवढी टेप पाण्यात होती. ती वजा केली की काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मिळतं. उन्हात खडू लगेच वाळतो, म्हणून टेप भराभर ओढून सावलीत वाचायची. एका गावात टेप विहिरीतल्या झुडपात अडकली, तर तिथल्या म्हाताऱ्या आजींनी बादलीच्या गळाने सोडवून दिली आणि वर सांगितलं, ‘पोरी, दुपारची मोजू नको, शेजारची मोटर चालू असती, पाणी खाली गेलेलं असतंय.’ तेव्हापासून सगळ्या विहिरी तिने पहाटे मोजल्या. आधीचे दोन महिन्यांचे आकडे टाकून दिले.

मी बारावी कॉमर्स. तरीही मला कळलं की अख्ख्या निबंधात सांगण्यासारखं हेच होतं आणि हे तिच्या एकाही स्लाइडवर नव्हतं. ती म्हणाली, ‘एकानं तरी विचारायचं होतं, मॅडम, की आकडे पहाटेचेच का. उत्तर तयार होतं माझ्याकडे.’

तिच्या प्रमाणपत्रावर आडनावात ‘ळ’च्या जागी ‘ल’ पडला होता. ते मी तिथल्या तिथे दुसरं लिहून दिलं. माझ्या हातात तेवढंच होतं.

आमच्या विभागातले एक जुने सर सांगायचे की सेमिनार हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ रोपवाटिका. म्हणजे आमच्या गावाकडच्या भाषेत भाताचा तरवा. लावणीआधी रोपं दाट, एकमेकांना खेटून उभी असतात तो वाफा. सर हे दर उद्घाटनात सांगायचे आणि टाळ्या पडायच्या. मग रोप देऊन सत्कार.

आता कुणी म्हणेल, बाईंना शिक्षणातलं काय कळतं, चर्चासत्रं अशीच असतात. अशीच नसतात. माझ्याच विभागात दर बुधवारी चार वाजता एक चर्चासत्र व्हायचं आणि अजून होतं. फलक नाही, पत्रिका नाही. खोली क्रमांक 7, खडूचा फळा, पंधरा-वीस माणसं, किटलीतला चहा आणि पार्ले-जी. संशोधन करणारी मुलं आपलं अर्धवट काम घेऊन उभी राहतात. वीस मिनिटं झाली नाहीत तोवर पहिला प्रश्न पडतो: ‘थांब, हा आलेख उलटा नाही का लागलाय?’ मग पुढची पाऊण तास मारामारी. एकदा एका मुलीचा सहा महिन्यांचा हिशेब एका पहिल्या वर्षाच्या पोराने फळ्यावर चुकीचा ठरवला. ती रडली, आणि पुढच्या बुधवारी दुरुस्त करून पुन्हा उभी राहिली. नोकरीत असताना चहाचं बिल लावायच्या निमित्ताने मी दाराशी उभी राहायची. आता निवृत्त झाल्यावर आत जाऊन बसते. कुणी हटकत नाही. या बुधवारांची एकही बातमी मी कधी पाठवली नाही. पाठवणार तरी काय? पाहुणे नाहीत, आणि ‘बातमी नमुना’मध्ये प्रश्नासाठी टिंबं नव्हती.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला जाणं त्यांना खेड्यातून कधी जमलं नाही, पण पेपरात व्याख्यानाचा वृत्तान्त आला की ते तो मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मधेच थांबून ‘हे काही पटलं नाही’ म्हणायचे. पटलं नाही म्हणायला आधी काय म्हटलं गेलं ते तर कळायला हवं!

दर वर्षी 14 एप्रिलच्या कार्यक्रमाची पत्रिकाही मीच टाइप करायची. तिथे एका वक्त्यांकडून ऐकलं की बाबासाहेबांचा भारतातल्या जातींवरचा पहिला गाजलेला निबंध हा चर्चासत्रातलाच. 9 मे 1916, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, प्रा. गोल्डनवायझर यांचं मानववंशशास्त्राचं चर्चासत्र. बाबासाहेब तेव्हा 25 वर्षांचे विद्यार्थी. पुढच्या वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आणि 29 जानेवारी 1939 ला पुण्यात गोखले सभागृहात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात ते संघराज्य आणि स्वातंत्र्य यावर बोलले, तेही पुस्तकरूपाने निघालं. मी दोन्ही आमच्या ग्रंथालयातून आणून चाळले. इंग्रजी जेमतेम, तरी जमेल तेवढं वाचलं. सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले ते कुठे सापडलं नाही.

माझं मागणं फार नाही. चर्चासत्राची बातमी आली की त्यात तीनच नावं ठेवा, आणि तिथे विचारला गेलेला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर छापा. फक्त एक. विभागाकडून आला नसेल तर फोन करून मागा. आणि प्रश्नच विचारला गेला नसेल तर तसं छापा: ‘प्रश्नोत्तरे झाली नाहीत.’ हे चार-पाचदा छापून आलं, की पुढच्या पत्रिकेत प्रश्नांसाठी वेळ कुठून निघतो ते बघा. काडेपेटी सापडत नसली तर सत्कारही आपोआप कमी होतील. तुमच्याकडे माणसं कमी, जागा कमी, हे मला माहीत आहे. तुमच्या शहर कार्यालयातली मुलं दिवसाला किती कार्यक्रम उरकतात ते मी बघितलंय. म्हणूनच म्हणते, अकरा जणांचा फोटो जरा लहान करा. तेवढ्यात एक प्रश्न मावतो.

नुसतं सांगण्यापेक्षा नमुना द्यावा म्हणून मागच्या बुधवारची बातमी सोबत जोडते आहे. या वेळी बातमी कार्यक्रमानंतर लिहिली आहे. मजकुरातला विज्ञानाचा भाग त्या विद्यार्थ्याला दाखवून दुरुस्त करून घेतला आहे. छापायची तर छापा.

*पाणी भरलं की जमीन का हलते?*

शहर प्रतिनिधी: कोयना परिसरात 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेल्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणात पाणी साठवायला लागून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. धक्के आजही थांबलेले नाहीत. साधारण 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद अशा पट्ट्यातच ते होत राहतात, आणि पावसाळ्यात जलाशय भरल्यावर त्यांची संख्या वाढते. विद्यापीठातल्या बुधवारच्या चर्चासत्रात एका संशोधक विद्यार्थ्याने यामागचं कारण मांडलं. पाणी भूकंप नव्याने तयार करत नाही, जमिनीखालच्या जुन्या भेगांमध्ये ताण आधीच असतो. पाणी भेगेत उतरलं की तिच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरणारा जोर कमी होतो आणि उद्या सरकणारी भेग आज सरकते. या पट्ट्यात गोठणे इथे 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला.

‘मग पाणी सोडून दिलं तर धक्के थांबतील का?’ असं प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं. पाणी किती भरलं याइतकंच ते किती झपाट्याने चढलं-उतरलं यालाही महत्त्व आहे, त्यामुळे एकदम रिकामं करणं हा उपाय म्हणता येणार नाही, असं वक्त्याने सांगितलं. नेमकं किती ठेवावं, या तिच्या पुढच्या प्रश्नावर त्याने ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं.

श्रोत्यांत सत्तरीचे एक गृहस्थ होते. 1967 साली ते कोयनेजवळच्या गावात, घरात झोपलेले होते. त्यांनी विचारलं, ‘आधी जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज आला आणि मग हादरलं. आवाज आधी कसा?’ वक्त्याने फळ्यावर दोन लाटा काढल्या. पहिली, खडक दाबत जाणारी, सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाची. जमिनीबाहेर पडली की हवा हलवते, तोच तो आवाज. दुसरी साडेतीन किलोमीटर वेगाची, घरं पाडते ती ही. ‘मग आवाज ऐकल्यावर बाहेर पडायला वेळ किती मिळतो?’ असं त्या गृहस्थांनी विचारलं. वक्त्याने 10 किलोमीटर अंतर धरून भागाकार केला. उत्तर सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर आलं. गृहस्थ फळ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. ‘एवढ्यात तर माणूस अंथरुणावर उठूनही बसत नाही,’ असं म्हणाले आणि खाली बसले. त्यानंतर प्रश्नोत्तरं आणखी अर्धा तास चालली.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक

(नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये. निवृत्तिवेतनाच्या फरकाचं एक प्रकरण अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे.)